उपचार एका दिवसाचा, जागल वर्षानुवर्षांची

“पीएसए तं कमी झाला नं डॉक्टर साहेब, मंग आता पुन्हा एमआरआय काऊन?”

मोर्शीकडच्या एका संत्राबागायतदार काकाजींचा हा प्रश्न. प्रोस्टेटच्या कर्करोगावर त्यांनी काही महिन्यांपूर्वी महानगरात जाऊन ‘फोकल’ उपचार घेतला होता. पूर्ण ग्रंथी काढली नव्हती, तिच्यातली फक्त रोगट जागा नष्ट केली होती. एक-दोन दिवसांत ते घरी परतले. लघवीवरचा ताबा शाबूत, पोटावर टाका नाही, रक्तातला पीएसए खाली आलेला. घरात पेढे वाटले गेले आणि मुलाने फाइल कपाटात ठेवून दिली. त्या फाइलच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती : ‘सहा ते बारा महिन्यांनी कॉन्ट्रास्टसह एमआरआय, नंतर बायोप्सी.’ ती ओळ घरात कोणी वाचलीच नव्हती. वाचली असती, तरी हा एमआरआय कुठे करायचा, तो वाचणार कोण आणि पैसे कोण देणार, हे त्या पानावर लिहिलेले नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ती शेवटची ओळ हा उपचाराचाच अर्धा भाग आहे. तो भाग पार पाडण्याची सोय नसेल, तर पहिला अर्धा भाग घेताना दहादा विचार करावा. आणि ही सोय वऱ्हाडात उभी करणे अवघड नाही, फक्त ते कोणाचे काम आहे हे अजून ठरलेले नाही.

आधी फोकल उपचार म्हणजे काय, ते पाहू. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्यात कर्करोग झाला आणि तो ग्रंथीपुरताच असला, तर रूढ उपचार दोन : शस्त्रक्रियेने पूर्ण ग्रंथी काढणे किंवा पूर्ण ग्रंथीला किरणोपचार देणे. दोन्ही प्रभावी आहेत, पण लघवीवरचा ताबा, लैंगिक क्षमता किंवा आतड्यांचे आरोग्य यांची किंमत काहींना मोजावी लागते. म्हणून मधला मार्ग निघाला. तीव्र ध्वनिलहरींनी रोगट भाग भाजून काढायचा, याला ‘हायफू’ म्हणतात. किंवा तो भाग गोठवायचा, याला ‘क्रायो’. किंवा सुया टोचून विजेच्या झटक्यांनी तिथल्या पेशी मारायच्या. बाकीची ग्रंथी आणि शेजारच्या नसा तशाच राहतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी आपल्याला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता आणि त्यावर आपण असाच उपचार घेतला, हे जाहीर केले. त्यानंतर आपल्याकडेही या उपचाराची चौकशी होऊ लागली. चौकशी चांगलीच आहे. पण जाहिरातीत ‘टाका नाही, एका दिवसात घरी’ एवढेच दिसते आणि पुढचे दिसत नाही.

संत्र्याची बाग असलेल्याला पुढचे समजावणे सोपे जाते. झाडाच्या बुंध्याला डिंक्या लागला की आपण झाड उपटत नाही. रोगट साल निरोगी भागापर्यंत खरवडतो आणि बोर्डो मलम लावतो. झाड वाचते. पण मलम लावून बागेकडे पाठ फिरवणारा बागायतदार कोणी पाहिला आहे का? खरवडलेल्या जागेच्या कडेने डिंक पुन्हा पाझरतो का, दुसऱ्या बाजूला नवा चट्टा आला का, हे प्रत्येक हंगामात पाहावे लागते. झाड राखले म्हणूनच पाहावे लागते. ते उपटले असते, तर ही जागल करायची वेळच आली नसती. फोकल उपचाराचेही असेच आहे. ग्रंथी राखली म्हणजे ग्रंथीसोबतची जोखीमही राखली.

ही जोखीम किती? ब्रिटनमधील १३७९ पुरुषांचा ‘हायफू’नंतरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सात वर्षांनंतर त्यातल्या सुमारे ६९ टक्के पुरुषांना पूर्ण ग्रंथीवरचा किंवा संपूर्ण शरीरावरचा उपचार लागला नव्हता आणि त्यांचा रोग पसरलाही नव्हता. हा आकडा आशादायक आहे. पण तो उलटून वाचा : दहातल्या तिघांच्या बाबतीत गोष्ट तिथे संपली नव्हती. काहींना तोच फोकल उपचार पुन्हा घ्यावा लागला. हे सगळे कळले, कारण ती माणसे नोंदवहीत होती आणि ठरलेल्या वेळी तपासली जात होती. युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा उपचार अभ्यासाच्या किंवा काटेकोर नोंदणीच्या चौकटीतच द्यावा असा सल्ला वर्षानुवर्षे दिला, तो यामुळेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये ‘हायफू’ यंत्राला परवानगी दिली, तीही प्रोस्टेटची ऊती नष्ट करणारे साधन म्हणून, कर्करोग बरा करणारा उपचार म्हणून नव्हे.

आता काकाजींचा प्रश्न : पीएसए कमी झाला, मग एमआरआय कशाला?

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात असे प्रथिन. निरोगी पेशीही ते बनवतात, रोगटही बनवतात. पूर्ण ग्रंथी काढली की रक्तातला पीएसए जवळपास शून्यावर यायला हवा. त्यामुळे तो नंतर वाढला की लगेच शंका घेता येते. किरणोपचारानंतरही एक मान्य मोजमाप आहे : सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा दोनने वाढ झाली की सावध व्हायचे. फोकल उपचारानंतर मात्र अर्धी किंवा त्याहून जास्त ग्रंथी जिवंत असते आणि तीही पीएसए बनवतच असते. त्यामुळे कुठला आकडा सुरक्षित, याची सर्वमान्य रेष नाही. मोठा रोग नष्ट झाल्याने पीएसए उतरतो आणि त्याच वेळी छोटा रोग उरलेला असू शकतो. वयानुसार वाढणाऱ्या ग्रंथीमुळे किंवा लघवीच्या जंतुसंसर्गामुळे तो उगाचच चढूही शकतो.

त्यात आपल्याकडची आणखी एक भानगड आहे. लघवीची धार बारीक झाली म्हणून गावातले डॉक्टर फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी सुरू करतात. औषध योग्यच आहे, पण ते काही महिन्यांत पीएसए सुमारे निम्म्यावर आणते. फोकल उपचाराबद्दल त्या डॉक्टरांना कोणी सांगितलेले नसते आणि गोळीबद्दल महानगरातल्या डॉक्टरांना. मग निम्म्यावर आलेला आकडा पाहून दोघेही खूश होतात. म्हणून पीएसए नियमित तपासावा, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, आणि त्यासोबत चालू औषधांची यादी ठेवावी. पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

पीएसए सांगतो ‘काहीतरी आहे’. ‘कुठे आहे’ हे सांगायला चित्र लागते. सोनोग्राफी इथे पुरत नाही, कारण तिच्यात व्रण आणि रोग यांचा भेद नीट दिसत नाही. लागतो तो एमआरआय, आणि तोही वेगळ्या नजरेने वाचलेला.

नेहमीच्या एमआरआयमध्ये कर्करोग गडद डागासारखा दिसतो. उपचार झालेल्या जागी व्रण तयार होतो, तो आकसतो आणि ग्रंथीचा आकार ओढला जातो. अडचण ही की हा व्रणही गडदच दिसतो. पाण्याच्या कणांची हालचाल मोजणाऱ्या चित्रांतही व्रण काही वेळा फसवतो. त्यांतला फरक सर्वांत स्पष्ट कळतो तो शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावर. मेलेल्या ऊतीत रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे कॉन्ट्रास्ट तिथे पोहोचत नाही किंवा उशिरा, मंदपणे पोहोचतो. जिवंत रोग मात्र कॉन्ट्रास्ट चटकन ओढून घेतो. म्हणून उपचारानंतरच्या चित्रणात कॉन्ट्रास्टची चित्रे आधी पाहायची आणि बाकीची नंतर. २०२३ मध्ये लंडनच्या तज्ज्ञांनी फोकल उपचारानंतरच्या एमआरआयसाठी ‘पाय-फॅब’ ही तीन पायऱ्यांची गुणपद्धती मांडली, तीही कॉन्ट्रास्टपासूनच सुरू होते. नेहमीची ‘पाय-रॅड्स’ ही गुणपद्धती अशा रुग्णाच्या उपचारित जागेसाठी बनलेलीच नाही. उरलेल्या, न भाजलेल्या ग्रंथीसाठी ती चालते.

इथे एक गोंधळ होऊ शकतो, म्हणून स्पष्ट सांगतो. २०२५ मध्ये ‘प्राइम’ या बहुदेशीय अभ्यासाने दाखवून दिले की प्रोस्टेटच्या पहिल्या निदानासाठी, चित्रण चांगल्या दर्जाचे असेल तर, कॉन्ट्रास्टशिवायचा एमआरआयही पुरतो. आपल्यासारख्या ठिकाणी ही मोठी सोय आहे : खर्च कमी, वेळ कमी, सुई नाही. पण हा निष्कर्ष उपचार न झालेल्या ग्रंथीचा आहे. फोकल उपचार झालेल्या माणसाचा एमआरआय पैसे वाचवण्यासाठी कॉन्ट्रास्टविना केला, तर जे पाहायला गेलो तेच न पाहता परत येऊ.

कॉन्ट्रास्टची भीती मात्र समजून घ्यायला हवी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या कितीतरी गावांत, मूत्रपिंडाच्या आजाराची चिंता घराघरांत आहे. ‘ते इंजेक्शन किडनीला बाधते’ हे वाक्य तिथे रोज ऐकू येते. एमआरआयचा कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियमचा असतो, सीटी स्कॅनसारखा आयोडिनचा नव्हे. आज वापरात असलेल्या स्थिर प्रकारांचा धोका फार कमी आहे. तरीही ज्यांचे मूत्रपिंड आधीच बिघडले आहे किंवा ज्यांचे डायलिसिस चालू आहे, त्यांनी ते आधी सांगावे आणि क्रिएटिनिनचा ताजा अहवाल सोबत न्यावा. भीतीपोटी तपासणी टाळण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

वेळेचाही हिशेब आहे. उपचारानंतरचे काही महिने त्या जागी सूज आणि रक्तस्रावाच्या खुणा असतात, त्यामुळे चित्र गढूळ दिसते. म्हणून पहिला खरा तपासणीचा एमआरआय साधारण सहा ते बारा महिन्यांनी करतात आणि त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक अंतराने काही वर्षे. त्यात तीन जागा पाहायच्या : भाजलेली जागा, तिची कड आणि उरलेली ग्रंथी. प्रोस्टेटचा कर्करोग बऱ्याचदा एकाहून अधिक ठिकाणी असतो, म्हणून तिसरी जागा विसरून चालत नाही.

एमआरआय स्वच्छ आला तरी साधारण वर्षभराने एकदा बायोप्सी करावी, असा तज्ज्ञांचा कल आहे. हे रुग्णाला पटवणे सर्वांत अवघड जाते. पण एमआरआयलाही मर्यादा आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात ५७६ पुरुषांची तपासणी झाली. एमआरआयने महत्त्वाचे कर्करोग ९३ टक्के वेळा पकडले, जुन्या पद्धतीच्या बायोप्सीने अवघे ४८ टक्के. एमआरआयचा हा विजयच होता. पण शंभरातले सात तेव्हाही निसटले, आणि तेही उपचार न झालेल्या, व्रण नसलेल्या ग्रंथींत. व्रण असलेल्या ग्रंथीत चूक होण्याची शक्यता वाढते, कमी होत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आपल्याला त्याचा अभिमान वाटला, आणि वाटायलाच हवा. पण रस्ता टाकण्याचा विक्रम होतो, राखण्याचा होत नाही. प्रत्येक पावसाळ्यानंतर खड्डे बघत फिरणाऱ्या माणसाचा फोटो कुठे छापून येत नाही. उपचाराच्या बाबतीत आपली वृत्ती नेमकी हीच आहे. पैसे, सुट्टी, नातेवाइकांचे बळ हे सगळे आपण ‘ऑपरेशन’च्या दिवसासाठी जमवतो. बडनेऱ्याहून गाडी पकडतो, महानगरात नातलगाकडे उतरतो, उपचार करून घेतो. वर्षाने तपासणीसाठी तोच प्रवास करायचा म्हटले की सोयाबीनची सोंगणी असते, नातीचे लग्न असते, आणि मुख्य म्हणजे काही दुखत नसते.

वास्तविक तपासणीसाठी महानगर गाठण्याची गरजच नसावी. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत एमआरआय यंत्रे आहेत. प्रोस्टेटचे चांगले चित्रण दीड टेस्लाच्या यंत्रावरही होते, फक्त ते ठरलेल्या पद्धतीने करावे लागते. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत ते २०२४ मध्ये सुरू झाले. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपण होते. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला आयुष्यभर तपासावे लागते, म्हणजे दीर्घ पाठपुराव्याची शिस्त या मातीला परकी नाही.

कमी आहे ती दुव्यांची. पहिली कमी माहितीची. चित्रण वाचणाऱ्या डॉक्टरला रुग्णाची जुनी चित्रे हवीत, नुसता छापील अहवाल नव्हे. कुठली बाजू, कुठला भाग, कशाने आणि कोणत्या तारखेला नष्ट केला, हे ठाऊक नसेल, तर व्रणाला रोग म्हटले जाईल किंवा रोगाला व्रण. मी स्वतः अशा विनंतीपत्रांवर चित्रण वाचले आहे, ज्यांवर फक्त ‘प्रोस्टेट एमआरआय’ एवढेच लिहिलेले होते. उपचाराची गोष्ट कळली ती यंत्राबाहेर बसलेल्या सुनेकडून. हे नशिबावर सोडता येत नाही. फोकल उपचार करणाऱ्या प्रत्येक केंद्राने रुग्णाला घरी पाठवताना एक पान द्यावे : ग्रंथीचे साधे रेखाचित्र, उपचारित जागा, तारीख, आधीचा पीएसए, बायोप्सीचा निकाल आणि पुढच्या तपासण्यांचे महिने. सोबत चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह. याला पैसा लागत नाही.

दुसरी कमी पैशांची. शासनाची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होते. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. त्या योजनेत सुरुवातीपासून उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा पॅकेजेस होती. म्हणजे ‘उपचार दिला, तर पाठपुराव्याचेही पैसे द्यावेत’ हे तत्त्व शासनाने तेव्हाच मान्य केले आहे. तेच तत्त्व कर्करोगाच्या अवयव राखणाऱ्या उपचारांना, आणि नंतरच्या चित्रणाला, स्पष्टपणे लावावे. खासगी विमा कंपन्यांचेही तेच. रुग्णालयात भरती झाल्याचे पैसे मिळतात, पण वर्षाने बाहेरून केलेल्या एमआरआयचे बिल बहुतेक वेळा घरच्यांच्या खिशातून जाते. तपासणी चुकवण्याला असे बक्षीस मिळत असेल, तर ती चुकणारच.

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे. आपल्याकडे प्रोस्टेटचे कितीतरी रुग्ण रोग हाडांपर्यंत गेल्यावर येतात. अशा वेळी मूठभर, ऐपतीच्या लोकांच्या नव्या उपचारासाठी एवढी यंत्रणा कशाला? आक्षेप खरा आहे. पण नीट करता येणारा एमआरआय, तो वाचणारी प्रशिक्षित नजर आणि नोंदी राखण्याची सवय ही साधने फोकल उपचारापुरती नाहीत. पहिल्या निदानाला तीच लागतात. ज्यांचा रोग सौम्य आहे आणि ज्यांना उपचार न करता नुसते लक्ष ठेवणे पुरते, त्यांनाही तीच लागतात. ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात १६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि सक्रिय देखरेख अशा तीन गटांत विभागले होते. पंधरा वर्षांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू झालेले सुमारे २.७ टक्केच होते आणि तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र जास्त होते. म्हणजे घाई बऱ्याचदा नको असते, पण लक्ष ठेवणे कधीच सुटत नाही.

म्हणून फोकल उपचाराचा विचार करणाऱ्या घरांना माझी विनंती. होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. माझ्या रोगाला हा उपचार लागतोच का, की नुसती देखरेख पुरेल? उपचारानंतर एमआरआय आणि बायोप्सी केव्हा केव्हा करायची? त्या अमरावती-अकोल्यात करून चित्रे तुम्हाला पाठवली तर चालतील का? रोग पुन्हा दिसला, तर पुढचा उपाय काय आणि त्याचा खर्च किती? या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळत नसतील, तर ‘एका दिवसात घरी’ या शब्दांना भुलू नका.

काकाजींनी अखेर एमआरआय केला, कॉन्ट्रास्ट देऊन. भाजलेली जागा शांत होती. दुसऱ्या बाजूला एक लहानसा, शंका घ्यावी असा डाग होता. पुढच्या आठवड्यात बायोप्सी ठरली. मी डिंक्याचे उदाहरण देऊ लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवले. “समजलं डॉक्टर साहेब,” ते म्हणाले, “झाड ठेवलं, तं पाहाच लागते.” जाताना त्यांनी ती फाइल मुलाच्या हातून स्वतःकडे घेतली.